अकरा श्वासांचा आवाज

मित्रांनो, मला ओळखायला तुम्हाला थोडा वेळ लागेल. दिसायला मी वाडग्यासारखा, पण माझ्यात कुणी कधी जेवलं नाही. काम माझं घंटेचं, पण मला लोलक नाही आणि मी कुठे टांगलेलाही नाही. मी काशाचा आहे, जुना आहे आणि एका लहानशा लाल गादीवर बसतो. लाकडी दांडक्यानं काठावर हलकेच टोला दिला की माझा आवाज निघतो आणि अकरा श्वास टिकतो. हे अकरा श्वास मी मोजलेले नाहीत. एका मुलीनं मोजले. तिचीच गोष्ट सांगायला आज तोंड उघडलं आहे. तसं माझं तोंड जन्मापासून उघडंच आहे म्हणा, पण त्याचा ऐन वेळी काही उपयोग झाला नाही.

माझा जन्म एका कासाराच्या भट्टीत झाला. तांबं आणि कथील एकत्र वितळवून त्यानं एक जाड चकती ओतली. मग चार दिवस एकच उद्योग. लाल होईपर्यंत तापवायचं, ठोकायचं, पुन्हा तापवायचं. हा कासार म्हातारा होता आणि ठार बहिरा होता. चाळीस वर्षं हातोडा चालवला, त्यात कान गेले. त्याची बायको त्याला जेवायला हाक मारत नसे, पाठीवर चार थेंब पाणी शिंपडत असे. गिऱ्हाईकं म्हणायची, "आवाजाची भांडी घडवतो आणि स्वतःला ढिम्म ऐकू येत नाही!" तोही हसायचा, पण सगळ्यांचं हसून होत आल्यावर.

तरी आवाज पारखायची त्याची एक रीत होती. तो मला डाव्या तळहातावर ठेवायचा, टोला द्यायचा आणि डोळे मिटायचा. माझी थरथर त्याच्या हातातून कोपरापर्यंत जायची. तीनदा त्यानं नकारार्थी मान हलवली आणि मला पुन्हा भट्टीत घातलं. चौथ्या वेळी तो बराच वेळ तसाच बसून राहिला. मग डोळे उघडून बायकोला, बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं म्हणाला, "हा बोलतो गं!"

त्याच्याजवळ राहून मी एक गोष्ट शिकलो. ऐकू न येणारं माणूस कसं ओळखावं, ते मला कळायला लागलं. ते समोरच्याच्या ओठांकडे बघतं. चारचौघांत हसतं, पण इतरांच्या मागून. आणि दोनदा विचारायची लाज वाटली की 'हो हो' म्हणून मोकळं होतं. ही विद्या माझ्याजवळ होती. ती कुणाला सांगायची सोय मात्र माझ्याजवळ नव्हती.

भट्टीतून मी एका विहारात आलो. तिथल्या भंतेजींनी मला वाजवून पाहिलं आणि दोन्ही हातांनी उचलून आणलं. पुढे कित्येक वर्षं सकाळ-संध्याकाळच्या ध्यानाची सुरुवात आणि शेवट मीच केला. लोक म्हणायचे, याचा आवाज ऐकला की डोक्यातली गडबड आपोआप खाली बसते. खोटं कशाला बोलू, स्तुती मला आवडायची. काठाला फडकं फिरवलं जायचं, गादीचा अभ्रा दर महिन्याला बदलला जायचा. माझे लाड चालले होते.

मग रविवारी सकाळी मुलांचा वर्ग सुरू झाला. तो ताई घ्यायच्या. ताई वाचनालयात ग्रंथपाल होत्या. आठवडाभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसणाऱ्या या बाईंना गप्प मुलांचं भारी कौतुक. पण स्वभावानं मायाळू. मुलांना डोळे वटारून ध्यानाला बसवणं त्यांना पटत नसे. त्या खेळ घ्यायच्या. उताणं झोपून पोटावर कागदाची होडी ठेवायची आणि श्वासाबरोबर ती वर-खाली कशी होते ते बघायचं. एकच बेदाणा तोंडात ठेवून पाच मिनिटं पुरवायचा. मला काठोकाठ पाण्यानं भरून हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं, थेंब सांडायचा नाही. वर्गात एक मुलगा होता, त्याचा आवाज एवढा मोठा की सगळे त्याला भोंगाच म्हणत. बेदाणा जिभेवर ठेवल्या ठेवल्या तो म्हणायचा, "ताई, माझा पोचला पोटात. अजून एक मिळेल?"

पण सगळ्यांचा आवडता खेळ माझा. सगळ्यांनी डोळे मिटायचे. ताई टोला द्यायच्या. माझा आवाज बारीक होत होत जायचा, आणि ज्याला तो ऐकू येणं थांबेल त्यानं हात वर करायचा. ताईही डोळे मिटून बसत. जो शेवटपर्यंत ऐकेल त्याचं लक्ष सगळ्यात चांगलं, असं त्या म्हणायच्या. या शेवटच्या वाक्यानंच सगळा घोटाळा झाला.

एका रविवारी आठेक वर्षांची एक मुलगी आईचं बोट धरून आली. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला होती. तिथे दिवसभर मोठाली मशिनं घरघरत असायची, त्यामुळे घरीदारी तिचं बोलणं टिपेला चढलेलं. "ही घरात एक शब्द बोलत नाही हो!" असं ती म्हणाली ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल. मुलगी खरंच बोलत नव्हती. ती आईच्या ओठांकडे बघत होती. मला माझा कासार आठवला आणि माझ्या काठावरून एक शिरशिरी गेली. पण टोला दिल्याशिवाय माझी शिरशिरी कुणाला कळणार?

भोंग्यानं पहिल्याच दिवशी तिचं नाव मौनी ठेवलं. त्या दिवशी माझा खेळ झाला तेव्हा मौनीनं प्रामाणिकपणे डोळे मिटले, ऐकलं आणि चौथ्याच श्वासाला हात वर केला. भोंग्यानं नेहमीप्रमाणे एक डोळा किलकिला ठेवलेला होता. तो ओरडला, "एवढ्यात? अगं, अजून वाजतोय की!" सगळी मुलं खो खो हसली. ताईंनी भोंग्याला दटावलं आणि पुढच्या वेळेपासून त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा असं ठरवलं. मौनीचे कान लाल झाले होते. तिनं फ्रॉकचा काठ चुरगळला आणि मुठीत धरून ठेवला.

पुढच्या रविवारी तिनं डोळे मिटल्यासारखे केले. पापण्यांच्या फटीतून ती बाकीच्यांकडे बघत राहिली. एक हात वर गेला, दुसरा गेला, पाचवा गेला. भोंग्याचाही गेला. सगळे झाल्यावर मौनीनं सावकाश आपला हात उचलला. ताईंनी तेवढ्यात डोळे उघडले. त्यांना दिसलं ते एवढंच, की बाकीचे हात केव्हाचे वर आहेत आणि एक हात आत्ता, सगळ्यांच्या शेवटी वर जातो आहे.

"शाब्बास गं!" ताई म्हणाल्या. "बघा, ऐकणं याला म्हणतात!"

खोलीत डोळे उघडे असणारे आम्ही दोघंच होतो, ती आणि मी. समोर बुद्धाची मूर्ती होती, पण तिचेही डोळे अर्धे मिटलेले. मी सगळं पाहिलं आणि गादीवर गप्प बसलो. रागावू नका, मी दुसरं करणार तरी काय होतो? वाडगा स्वतःहून वाजत नाही. कुणी वाजवला तर वाजतो, आणि सांगतोही एकच गोष्ट.

मौनी लबाड नव्हती, हे मला आधी सांगू द्या. शाळेत ती मागच्या बाकावर बसायची. बाई काय म्हणतात ते कळायचं नाही, म्हणून 'लक्ष नाही', 'धांदरट' अशी बोलणी खायची. साऱ्या आठवड्यात तिला 'शाब्बास' म्हणणारी जागा एकच होती, आणि ती माझ्यासमोर होती. ती हातची घालवायला कोणतं मूल तयार होईल?

तीन-चार महिने असेच गेले. मग एका रविवारी तिची आई वर्ग सुटल्यावर थांबली. हातात शाळेची वही होती.

"ताई, येत्या बुधवारी हिला कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. शाळेतल्या बाईंनी लिहून दिलंय, हिला नीट ऐकू येत नाही म्हणून. मागच्या थंडीत कान वाहत होता हिचा. मला तर बाई धास्तीच बसलीय."

ताई हसल्या. वाईट हेतूनं नाही, मनापासून हसल्या. "हिला ऐकू येत नाही? अहो, हिच्याइतका तिखट कान अख्ख्या वर्गात कुणाचा नाही! शाळेत लक्ष देत नसेल, ती गोष्ट वेगळी. थांबा, दाखवतेच तुम्हाला."

आणि त्यांनी दांडकं उचललं.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला एकदाच असं वाटलं की आपण फुटावं. आत्ता या क्षणी तडा जावा आणि 'खड' असा आवाज यावा. पण कासारानं मला चार दिवस ठोकून पक्कं केलं होतं. मी खणखणीत वाजलो. मौनी समोर मांडी घालून बसली, पापण्या मिटल्यासारख्या केल्या आणि ताईंचा चेहरा न्याहाळत राहिली. ऐकताना ताईंच्या कपाळावर पडलेली आठी सैल झाली तेव्हा तिनं आणखी थोडं थांबून घेतलं आणि हात वर केला.

"अगं बाई!" आई म्हणाली. "मला तर केव्हाच थांबल्यासारखं वाटलं!" मशिनांच्या घरघरीत तिचेही कान अर्धे झालेले, हे तिला तरी कुठे माहीत होतं? तिनं वही पिशवीत टाकली. "मग उगीच अर्ध्या दिवसाची रजा कशाला घालवू?"

आईचा जीव भांड्यात पडला. ते भांडं मी होतो.

त्या बुधवारी कुणी डॉक्टरांकडे गेलं नाही. नंतरच्याही नाही. ताईंनी मौनीला मानाची जागा दिली, सगळ्यांच्या पुढे, अगदी माझ्यासमोर. आता मुलं तिच्या पाठीमागे होती. त्यांचे हात तिला दिसेनात. पहिल्या दिवशी ती फार घाबरली, मान वळवायला बघत होती. पण ती मुलगी हुशार होती. ताई दर रविवारी श्वास मोजायला शिकवायच्याच. मौनीनं माझा आवाज श्वासांवर मोजून घेतला. ताईंचा चेहरा सैल व्हायला तिचे दहा श्वास लागत. वर एक जास्तीचा. अकरा. दांडकं काठाला टेकलेलं दिसलं की ती खरोखर डोळे मिटायची आणि मोजायला लागायची. एकदाही चुकली नाही. बाकीच्यांचं मन शाळेत, खेळात, खाऊत भटकायचं. मौनीचं मन एका श्वासावरून दुसऱ्या श्वासावर पाय देत जायचं, ओढ्यावरच्या साकवावरून चालल्यासारखं. त्या वर्गात खरं ध्यान कोण करत होतं असं विचाराल, तर मी तिचंच नाव घेईन. पण ती हे ध्यान कशासाठी करत होती, ते आठवलं की माझा जीव तुटायचा.

मधून मधून तिच्या उजव्या कानात कापूस दिसायचा. कधी ती मान एका बाजूला कलती धरायची. मला पाणी भरून नेण्याच्या खेळात ती मला दोन्ही हातांनी घट्ट धरायची, तेव्हा मी एवढा जवळ असायचो की तिच्या कानाचा आंबूस वास मला यायचा. मी तिच्या हातात होतो आणि माझ्या तोंडात नुसतं पाणी होतं.

असे आठ महिने गेले.

त्या दिवशी बेदाण्यांचा खेळ होता. ताई घरून ताटली आणायला विसरल्या, म्हणून बेदाणे माझ्यातच ओतले. भोंग्यानं ते सगळ्यांना वाटले, पण निम्मे तरी मुद्दाम मागे ठेवले, कारण नंतर ते आपल्यालाच मिळतील असा त्याचा हिशेब होता. खेळ झाला. मला रिकामं करायचं ताई विसरल्या. "चला, आता डोळे मिटा," त्या म्हणाल्या, स्वतःचे मिटले आणि टोला दिला.

ठप्प.

पोट भरलेला वाडगा कसा वाजणार? घोंगडीवर काठी मारावी तसा आवाज आला आणि तिथेच मेला. मागे हशा फुटला. "ताई, वाडग्यानं बेदाणे खाल्ले! आता ढेकर देईल!" भोंगा डोळ्यांवरचा रुमाल वर सरकवून ओरडला. कुणी जमिनीवर लोळलं. ताईंनाही हसू आवरेना, त्यांनी पदर तोंडाला लावला.

आणि माझ्यासमोर मौनी ताठ बसली होती. डोळे मिटलेले, हात मांडीवर, चेहरा ऐकण्याचा. दांडकं काठाला टेकलेलं तिनं पाहिलं होतं. तिच्यासाठी मी वाजत होतो.

एक. दोन. तीन. मागे अजून हशा चालूच होता. चार. पाच. ताईंचं लक्ष तिच्याकडे गेलं आणि त्यांचं हसणं कमी झालं. सहा. सात. एकेक मूल गप्प होत गेलं. आठ. भोंगा हळूच म्हणाला, "ताई, वाजलं नाही ना? मग ही..." नऊ. ताईंनी तिला हाक मारली. साध्या आवाजात, मग जरा मोठ्यानं. दहा. खोलीत आता कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं, एक तीच घेत होती.

अकरा.

मौनीनं हात वर केला. मग डोळे उघडले आणि ताईंच्या ओठांकडे बघत, हसत विचारलं, "मीच शेवटची ना?"

कुणीही हसलं नाही. ताईंच्या हातातलं दांडकं खाली पडलं, ते घरंगळत माझ्या गादीपाशी आलं. त्यांनी मौनीला जवळ ओढलं आणि तिचं डोकं छातीशी धरून कितीतरी वेळ बसल्या. काय झालं ते मौनीला कळत नव्हतं. तिचा हात अजून वरच होता.

पुढचं मी दोन रविवारांनी ऐकलं. मौनीची आई एकटीच आली होती. ती त्या दिवशी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली.

"उजवा गेला, ताई. आतून सगळं सडलंय म्हणाले. डावा औषधानं थोडा राहील, त्याला यंत्र लावायचं." तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "डॉक्टर म्हणाले, आठ महिने आधी आणलं असतंत तर दोन्ही राहिले असते."

ताई सतरंजीची घडी घालत होत्या, ती त्यांनी तशीच खाली ठेवली.

"मी निघालेच होते हो त्या बुधवारी," आई म्हणाली. "तुम्हीच म्हणालात..."

ताईंनी मान खाली घातली. आई निघून गेली. मी दोघींच्या मधे होतो. मला म्हणायचं होतं, एकट्या ताईंना बोल लावू नका. साक्ष माझी होती. मी सगळं बघून खोटी साक्ष दिली, आणि तीही चांगल्या सुरेल आवाजात.

त्याच संध्याकाळी ताईंनी मला आणि दांडक्याला जुन्या फडक्यात गुंडाळलं आणि सतरंज्यांच्या कपाटात तळाशी ठेवून दिलं. रागानं ठेवलं नाही. पण त्यांना मी डोळ्यांसमोर नको होतो. वर्ग चालू राहिला. होडीचा खेळ व्हायचा, बेदाण्यांचा व्हायचा, मुलांचं हसणं कपाटाच्या दारातून ऐकू यायचं. माझं नाव कुणी काढत नसे. माझ्या अंगावर हिरवे डाग चढले. एकेकाळी काठावर धूळ बसू न देणारी माणसं, पण त्यांनाही दोष देत नाही. किती दिवस गेले, मोजता आले नाहीत. मोजणारी माझ्याजवळ नव्हती.

मग एकदा कपाट उघडलं. सतरंजी काढायला आलेल्या छोट्या हातांना माझं गाठोडं लागलं. फडकं सुटलं आणि मला मौनी दिसली. थोडी उंच झाली होती. डाव्या कानामागे लहानसं यंत्र होतं. तिनं इकडे तिकडे पाहिलं. मग, तिला हे कुणी शिकवलं होतं देव जाणे, तिनं मला डाव्या तळहातावर ठेवलं. अगदी कासारानं ठेवलं होतं तसं. टोला दिला आणि डोळे मिटले. खरे मिटले, फट न ठेवता.

माझा आवाज डागांमुळे थोडा बसला होता, पण निघाला. तिच्या हातातून कोपरापर्यंत गेला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ती मोजत नव्हती. ती ऐकत होती.

सहाव्या श्वासाला तिनं हात वर केला.

मी अजून वाजत होतो. अजून पाच श्वास माझ्यात शिल्लक होते. पण तिचा हात खरा होता.

दारात ताई उभ्या होत्या. कधी आल्या, कळलं नाही. मौनीनं डोळे उघडले, त्यांना बघून दचकली, पण हात खाली घेतला नाही. तिनं विचारलं, "अजून वाजतोय का?"

एवढ्या दिवसांत तिनं हे कधीच कुणाला विचारलं नव्हतं.

ताई तिच्यासमोर आल्या, ओठ दिसतील अशा बसल्या. "हो. वाजतोय."

"कसा?"

ताईंना विचार करावा लागला. "कुणी लांब चाललंय आणि आपण दारातून बघतोय ना, तसा. दिसतंय अजून, पण लहान होतंय." त्या थांबल्या. "आता वळणापाशी गेला." पुन्हा थांबल्या. "आता नाही."

मग मौनीनं हात खाली घेतला.

आता मी पुन्हा माझ्या गादीवर आहे. उजवा कान परत आला नाही, तो येणारही नाही, आणि त्याबद्दल मला काही करता येत नाही. ताईंनी खेळातलं 'शेवटपर्यंत' काढून टाकलं आहे. आता ज्याचा हात आधी वर जातो तो विचारतो, अजून वाजतोय का? आणि ज्याला ऐकू येतं तो त्याला सांगतो. भोंगा तर इतकं सांगतो की माझा आवाजच कुणाला ऐकू येत नाही.

मित्रांनो, मी माझ्यासाठी काही मागत नाही. मला घासलं नाहीत, अंगावर डाग राहिले, तरी चालेल. तुमच्यातलं एखादं मूल फार गप्प बसत असेल तर त्याला शाबासकी देण्याआधी एकदा जवळ जाऊन विचारा, तुला ऐकू आलं का? आणि कधी माझ्यासमोर बसलात तर डोळे मिटा आणि ऐका. आवाज थांबला की हात वर करा. चौथ्या श्वासाला थांबला तर चौथ्याला करा. बाकीच्यांचे हात बघू नका.